पंपाचा हिशेब : महागडा इनहेलर नेमका कधी परवडतो?

तुमच्या घरात कुणी 'पंप' घेतं का? असेल तर हा लेख वाचण्याआधी एक काम करा. तो पंप हातात घ्या, त्याच्या मागच्या छोट्या खिडकीतला आकडा बघा आणि तो कधी विकत आणला होता ते आठवा. हिशेब जुळतो का?

आमच्याकडे जुळला नव्हता. माझी आई ७१ वर्षांची. आयुष्यात कधी बिडी-सिगारेटला हात लावला नाही, पण लग्नानंतरची पंचवीस वर्षं चुलीपुढे काढली. पावसाळ्यात ओली लाकडं, वर पत्र्याचं छप्पर, खिडकी एकच. साठीनंतर धाप लागायला लागली, मग तपासणीत 'सीओपीडी' निघाला. तीन औषधं एकत्र असलेला पंप सुरू झाला : सकाळी दोन, संध्याकाळी दोन. १२० डोसचा पंप म्हणजे बरोबर एक महिना. आई अमरावतीला, मी इंदूरला. मी दर महिन्याला पैसे पाठवायचे आणि पंप येतोय असं समजायचे. आई मात्र संध्याकाळचा डोस सोडून द्यायची. "बरं वाटतंय त्या दिवशी कशाला वाया घालवायचा?" असं तिचं म्हणणं. एका पंपात दोन महिने. डिसेंबरात थंडी पडली, कफ वाढला आणि चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. बिल झालं ते तिच्या पंपांच्या वर्षभराच्या खर्चापेक्षा जास्त.

तेव्हापासून मी या औषधांचा हिशेब नीट समजून घ्यायला लागले. तुमच्या उपयोगाला यावा म्हणून इथे मांडते आहे.

दमा आणि सीओपीडी : नाव एकच घेतो, आजार दोन

आपण घरात दोन्हींना 'दमा' म्हणतो आणि इथेच पहिली गडबड होते. दम्यात श्वासनलिका आवळतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत धुरामुळे झालेलं नुकसान कायमचं असतं, औषधाने नलिका थोड्या मोकळ्या होतात पण पूर्ववत होत नाहीत. निदान फक्त स्टेथोस्कोपने होत नाही. नळीत जोरात फुंकायची स्पायरोमेट्री नावाची तपासणी लागते. औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सीओपीडी धरतात. ही तपासणी न करताच वर्षानुवर्षं पंप घेणारी माणसं आपल्या ओळखीत असतात, आणि पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते.

भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१८ साली आला. १९९० मध्ये हा आकडा २.८ कोटींच्या आसपास होता. आणि हा फक्त बिडी ओढणाऱ्या आजोबांचा आजार नाही. पुण्याचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेला लेख धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवरच होता. चुलीचा, शेणीचा, लाकडाचा धूर, धुळीत केलेलं काम, लहानपणीचे छातीचे आजार ही त्यातली कारणं. माझ्या आईची गोष्ट म्हणजे काही अपवाद नाही.

पंपात असतं काय?

औषधांची तीन घराणी लक्षात ठेवली की पुरे. पहिलं, नलिका सैल करणारं : साल्बुटामॉल हे त्यातलं काही मिनिटांत काम सुरू करून काही तासांत उतरणारं, तर फॉर्मोटेरॉल, साल्मेटेरॉल, इंडाकॅटेरॉल ही जास्त वेळ टिकणारी. दुसरं, वेगळ्या वाटेने नलिका मोकळ्या ठेवणारं : टायोट्रोपियम, ग्लायकोपायरोनियम. तिसरं, सूज कमी करणारं स्टेरॉइड : ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन. बाजारातले बहुतेक पंप म्हणजे यांच्याच एक, दोन किंवा तीनच्या जोड्या.

साल्बुटामॉलचा पंप सगळ्यात स्वस्त. त्यात २०० डोस असतात. म्हणून घरोघरी तोच दिसतो. तो तातडीचा पंप आहे. धाप लागली की घ्यायचा. रोजचं औषध म्हणून तोच ओढत राहिलात तर त्या वेळेपुरतं बरं वाटतं, पण पुढच्या वेळी आजार बळावून दवाखान्यात जायची वेळ त्याने टळत नाही. टळण्याची शक्यता वाढते ती जास्त वेळ टिकणाऱ्या औषधांनी.

आता एक कडू गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. सीओपीडीत फुप्फुसाची ताकद दरवर्षी थोडी थोडी कमी होते, आणि ती घसरण ठळकपणे थांबवणारा पंप अजून सापडलेला नाही. टायोट्रोपियमवर २००८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास ६,००० रुग्ण, चार वर्षं. धाप कमी झाली, आजार बळावण्याच्या घटना सुमारे १४ टक्क्यांनी घटल्या, पण घसरणीचा वेग बदलला नाही. म्हणजे पंपासाठी आपण पैसे मोजतो ते रोज जिना चढता यावा म्हणून आणि वर्षातून दोनदा ऑक्सिजन लावायची वेळ येऊ नये म्हणून. हे माहीत असलं की 'इतका महाग पंप घेऊनही बरा का होत नाही?' असं म्हणून तो मध्येच सोडून द्यावासा वाटत नाही.

दोन औषधं की तीन?

घरखर्चाच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे. तीन औषधांचा पंप साधारणपणे सगळ्यात महाग. तो घ्यावा का?

२०१८ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात 'इम्पॅक्ट' नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात १०,३५५ रुग्ण होते. नलिका मोकळ्या करणारी दोनच औषधं घेणाऱ्यांमध्ये आजार बळावण्याच्या घटना दर माणशी वर्षाला १.२१ होत्या, स्टेरॉइडसह तिन्ही घेणाऱ्यांमध्ये ०.९१. दवाखान्यात भरती करावं लागलं अशा घटना ०.१९ वरून ०.१३ वर आल्या. उलट बाजूला न्यूमोनिया : दोन औषधांवर ५ टक्के, तीन औषधांवर ८ टक्के लोकांना झाला. स्टेरॉइडमुळे छातीत जंतुसंसर्ग वाढू शकतो, हे २००७ सालच्या 'टॉर्च' अभ्यासातही दिसलं होतं.

आता हे रुपयांत मांडू. समजा तुमच्या गावात तीन औषधांचा पंप दोन औषधांच्या पंपापेक्षा महिन्याला ४०० रुपयांनी महाग आहे. हा आकडा मी सोयीसाठी धरलाय, तुमच्या दुकानातला फरक घालून बघा. वर्षाला ४,८०० रुपये जास्त. असा पंप शंभर जणांनी वर्षभर घेतला तर जादा खर्च ४ लाख ८० हजार. त्यातून आजार बळावण्याच्या ३० घटना टळल्या. म्हणजे एक घटना टाळायला १६,००० रुपये. त्यातल्या ६ वेळा दवाखान्यात भरती होणं टळलं. नुसतं तेवढंच मोजलं तर एका भरतीमागे ८०,००० रुपये. आणि त्याच शंभरांत ३ जणांना जादा न्यूमोनिया झाला.

हे महाग की स्वस्त? शहरातल्या खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात चार-पाच दिवस गेले असतील तर तुम्हीच सांगाल. पण थांबा, एक गोष्ट अजून बाकी आहे. या अभ्यासातले रुग्ण आधीच त्रासलेले होते, बहुतेकांचा आजार मागच्या वर्षात बळावलेला होता. ज्याला वर्षभरात एकदाही तसा त्रास झालेला नाही, त्याने तेच ४,८०० रुपये खर्च केले तर टळण्यासारखं फारसं काही नसतंच. पैसे तेवढेच, फायदा अगदी थोडा, न्यूमोनियाचा धोका मात्र कायम.

मग कुणाला स्टेरॉइडचा फायदा होणार हे कळायचं कसं? इथे एक साधी, स्वस्त तपासणी कामाला येते आणि तिचा रिपोर्ट बहुधा तुमच्या फायलीत आधीच पडलेला असतो. रक्ताच्या सीबीसीमध्ये 'इओसिनोफिल' नावाच्या पेशींचा आकडा असतो. फक्त टक्के दिले असतील तर गुणाकार करा : एकूण पांढऱ्या पेशी ८,००० आणि इओसिनोफिल ४ टक्के, म्हणजे ३२०. जागतिक मार्गदर्शक सूचनांनुसार हा आकडा ३०० किंवा त्याहून जास्त असेल तर सीओपीडीत श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडचा फायदा चांगला होण्याची शक्यता असते. १०० पेक्षा कमी असेल तर फायदा नगण्य. मधल्यांचं डॉक्टर एकूण त्रास बघून ठरवतात. जंत झाले असतील तरी हा आकडा वाढतो, म्हणून एकाच रिपोर्टवर घरच्या घरी निकाल लावू नका.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ सीओपीडी रुग्णांना नलिका सैल करणारं एक औषध अधिक स्टेरॉइड अशी जुनी जोडी दिलेली दिसते. २०१६ च्या 'फ्लेम' अभ्यासात ३,३६२ रुग्णांमध्ये याच जोडीची तुलना नलिका मोकळ्या करणाऱ्या दोन औषधांच्या जोडीशी झाली. स्टेरॉइड नसलेल्या जोडीने आजार बळावण्याचं प्रमाण ११ टक्क्यांनी कमी राहिलं, न्यूमोनियाही कमी. किंमत जवळपास सारखी असेल तर कुठली जोडी हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

मात्र दमा असेल तर हे सगळं उलटं आहे. दम्यात स्टेरॉइड हेच मुख्य औषध आणि ते सोडणं धोक्याचं. म्हणून तर सुरुवातीला स्पायरोमेट्रीवर इतका जोर दिला.

छापील किंमत बघून फसू नका

दुकानात आपण खोक्यावरची किंमत बघतो. बघायची ती रोजची किंमत. पुन्हा सोयीचे आकडे घेऊ. ४५० रुपयांचा १२० डोसचा पंप रोज चार वेळा दाबायचा असेल तर दिवसाला १५ रुपये. ६०० रुपयांच्या ३० कॅप्सूल, रोज एक, तर दिवसाला २० रुपये. पहिल्या नजरेत स्वस्त वाटणारा पंप दिवसाच्या हिशेबात महाग निघतो, असंही कधी होतं. आपल्याकडे मशीनमध्ये टाकून ओढायच्या कॅप्सूल साधारणपणे त्याच औषधाच्या गॅसच्या पंपापेक्षा स्वस्त पडतात, कारण मशीन एकदाच घ्यावं लागतं.

साल्बुटामॉल, इप्राट्रोपियम, ब्युडेसोनाइड, ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची जोडी आणि टायोट्रोपियम ही औषधं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. यादीत दिलेल्या प्रकारात आणि मात्रेत त्यांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण ठरवतं. यादीबाहेरच्या औषधांची किंमत साधारणपणे कंपनी ठरवते, फक्त वर्षभरात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. म्हणून एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या किमतीत चांगलाच फरक सापडतो. डॉक्टरांना सरळ विचारायला लाजू नका : "यातच स्वस्त कंपनीचा चालेल का?" जनऔषधी केंद्रातही बघा, पण प्रत्येक केंद्रात प्रत्येक इनहेलर असेलच असं नाही. 'जनऔषधी सुगम' ॲपवर शोधा किंवा आधी फोन करा, उगाच रिक्षाचे पैसे जायला नकोत. ब्रँड बदलला आणि मशीनही बदललं, तर ते वापरायचं कसं हे पुन्हा शिकून घ्या.

एक विसंगती मला राहून राहून खटकते. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होण्याचा खर्च मिळतो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांनाच. पण रोजचा पंप म्हणजे बाह्यरुग्णाचा खर्च, तो त्यात नाही. दवाखान्यातून सुटल्यावर १५ दिवसांच्या औषधांची सोय आहे, पुढे आपलं आपण. म्हणजे पंप न परवडून माणूस दवाखान्यात पोचला तर सरकार पैसे भरतं, पोचू नये म्हणून लागणारा पंप मात्र खिशातून!

(मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांनी मुक्काम पुरेल इतके पंप आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी. तिथे विम्याशिवाय एकेका पंपाला शेकडो डॉलर पडू शकतात. २०२४ मध्ये सिनेटच्या समितीने विचारणा सुरू केल्यावर तीन मोठ्या कंपन्यांनी रुग्णाच्या खिशातून जाणारा खर्च महिन्याला ३५ डॉलरवर आणण्याचं जाहीर केलं.)

सगळ्यात महाग पंप : चुकीचा ओढलेला

गॅसचा पंप नुसता तोंडात धरून दाबला तर औषधाचा मोठा भाग घशात आणि जिभेवर बसतो, फुप्फुसात थोडाच पोचतो. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग सावकाश चार-पाच सेकंद आत ओढत असतानाच दाबा, आणि दहापर्यंत आकडे मोजत श्वास रोखा. कॅप्सूलच्या मशीनला मात्र उलटं : जोरात आणि खोल ओढायचं. एकच माणूस दोन्ही प्रकार वापरतो आणि दोन्ही एकाच पद्धतीने ओढतो, हे फार दिसतं. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही आहेत. हसू नका, चिठ्ठीवर 'कॅप्सूल' लिहिलंय म्हटल्यावर माणूस गिळणारच. स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकून टाका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

हात थरथरत असतील, दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नसेल, तर 'स्पेसर' घ्या. मध्ये एक पोकळ नळकांडं, औषध त्यात थांबतं आणि माणूस सावकाश ओढतो. एकदाच घ्यावा लागतो आणि पंपातून मिळणारा फायदा वाढवतो. तो साबणाच्या पाण्यात धुऊन हवेवर वाळवा, पुसू नका, पुसल्याने प्लॅस्टिकला वीज चढते आणि औषध भिंतीला चिकटतं. १९९९ साली केपटाउनच्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या मुलांमध्ये ५०० मिलिलिटरच्या साध्या प्लॅस्टिक बाटलीच्या तळाला पंप घट्ट बसेल असं भोक पाडून, कडा सीलबंद करून ती स्पेसर म्हणून वापरली. परिणाम विकतच्या स्पेसरच्या तोडीचा आला. गावाला गेलो आणि स्पेसर घरी राहिला, अशा वेळी हे आठवा.

वाफेच्या मशीनबद्दलही थोडं. धाप वाढली की आपल्याला 'वाफ' घेतल्याशिवाय समाधान होत नाही. पण बहुतेक रुग्णांत स्पेसरमधून नीट घेतलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. ज्याला श्वास ओढणंच जमत नाही त्याची गोष्ट वेगळी.

आणि 'पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी' हे ऐकून ऐकून मला कंटाळा आलाय. साल्बुटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असू शकते. पंपाच्या दोन दाबांत ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे गोळीतून वीसपट औषध सगळ्या शरीरभर फिरतं, छातीत धडधड आणि हाताला कंप त्यामुळेच. थिओफिलिनच्या गोळ्या स्वस्त आहेत खऱ्या, पण कमी मात्रेत त्या स्टेरॉइडच्या पंपाला जोडून उपयोग होतो का हे ब्रिटनमध्ये दीडेक हजार सीओपीडी रुग्णांवर तपासलं, तेव्हा (निकाल २०१८ चा) आजार बळावणं कमी झालं नाही.

पंपाच्या आधीचा खर्च

पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त मिळतं ते पंपाबाहेर. बिडी-सिगारेट सोडणं हा फुप्फुसाची घसरण मंदावणारा सिद्ध झालेला उपाय, आणि त्यात पैसे उलट वाचतात. घरात चूल असेल तर ती बंद करणं, निदान आजारी माणसाला तिच्यापुढून उठवणं. उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, पण दुसरा सिलिंडर भरायला पैसे नसतील तर कोपऱ्यात शेगडी आणि अंगणात चूल हे चित्र बदलत नाही. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी. रोज चालणं आणि श्वासाचे व्यायाम : धाप लागते म्हणून बसून राहिलं की पायांची ताकद जाते आणि धाप आणखी वाढते. रक्तातला ऑक्सिजन विश्रांतीतही खूपच कमी राहत असेल तर दिवसाला १५ तासांहून जास्त ऑक्सिजनने आयुष्य वाढतं, हे १९८०-८१ पासून माहीत आहे.

आईचं पुढे काय झालं ते सांगते. दवाखान्यातून आल्यावर मी तिची फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तिचे इओसिनोफिल तीनही रिपोर्टांत शंभरच्या आत होते. दम्याचा काही इतिहास नव्हता. त्यांनी विचार करून स्टेरॉइड वगळलं, दोन औषधांचा पंप दिला, सोबत स्पेसर, आणि तिच्याकडून समोर चार वेळा ओढून घेतलं. पहिल्या तिन्ही वेळा चुकली. नवा पंप आधीच्यापेक्षा स्वस्त पडतो, त्यामुळे संध्याकाळचा डोस 'वाचवण्याचा' मोह कमी झालाय. अगदी गेला असं म्हणणार नाही.

दर रविवारी मी फोनवर खिडकीतला आकडा विचारते. या रविवारी ३६ होता. नऊ दिवस पुरेल, म्हणून लगेच पुढचा सांगून ठेवला. आई वैतागून म्हणाली, "आता माझे श्वासही मोजत बसशील का गं?"

मी म्हटलं, "हो."